टीव्हीला परवाना लागतो का?

घरात टीव्ही ठेवायला सरकारी परवाना लागतो का? आजच्या विद्यार्थ्याला हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. पंख्याला, मिक्सरला किंवा शिवणयंत्राला परवाना लागत नाही, मग टीव्हीनेच काय असा गुन्हा केला आहे? पण हाच प्रश्न घरातल्या आजोबांना विचारून पाहावा. त्यांना पोस्टातून मिळणारी एक लहानशी पुस्तिका आठवेल. रेशनकार्डाशेजारी ती जपून ठेवलेली असे. वर्षातून एकदा ती पोस्टात न्यायची, पैसे भरायचे, तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. त्या पुस्तिकेला कोणी परवाना म्हणत नसे. ते ‘रेडिओचं लायसन’ असे.

प्रश्नाचे सरळ उत्तर एवढेच की, आज भारतात टीव्ही किंवा रेडिओ बाळगायला परवाना लागत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मात्र दोन्हींना लागत होता. उत्तर इतके छोटे असले तरी परवाना मुळात का आला आणि पुढे का गेला, हे समजून घ्यायला थोडा इतिहास, थोडा कायदा आणि बरेचसे भौतिकशास्त्र लागते. ही गोष्ट आम्ही दीपनगरहून सांगत आहोत, आणि त्याला कारण आहे.

मोजता येणारी वीज, न मोजता येणारी लहर

दीपनगर हे भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने येथे १९६८ मध्ये ६२.५ मेगावॉटचा पहिला संच सुरू केला. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॉटचे दोन संच आले. २०१२ मध्ये ५०० मेगावॉटचे दोन मोठे संच आले, तोपर्यंत मंडळाचे विभाजन होऊन केंद्र ‘महानिर्मिती’कडे गेलेले होते. गावाचे नावच दिव्यावरून पडलेले. येथील मुलांना वीज म्हणजे काय हे पुस्तकात वाचण्याआधीच धुराड्यावरून, कोळशाच्या वाघिणींवरून आणि राखेवरून कळते.

त्यांना आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे वीज फुकट नसते. एक युनिट वीज तयार करायला साधारण पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतले पंप एकदम सुरू झाले, की केंद्रावरचा भार वाढतो, वाफ जास्त लागते, कोळसा जास्त लागतो. एकाने वापरलेले युनिट दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून प्रत्येक घराच्या भिंतीवर मीटर असते आणि जो जितके वापरेल तितके त्याने भरावे, हा हिशेब सरळ बसतो.

रेडिओलहरींचा हिशेब असा बसत नाही. समजा, एखाद्या गावात शंभर वॉट शक्तीचा टीव्ही प्रक्षेपक आहे. शंभर वॉट म्हणजे एका जुन्या दिव्याइतकी शक्ती. दीपनगरच्या पहिल्या संचाने असे सहा लाख पंचवीस हजार दिवे लागले असते. एवढ्याशा शक्तीवर प्रक्षेपक गावभर चित्र पसरवतो. त्या गावात दहा टीव्ही असोत की दहा हजार, प्रक्षेपकाचा खर्च तोच राहतो. लहर तर घरावरून जाणारच असते, एरियल लावा अथवा लावू नका. शेजाऱ्याने टीव्ही लावला म्हणून आपले चित्र फिके पडत नाही. प्रक्षेपकाला कोण पाहत आहे याचा पत्ताही लागत नाही.

अर्थशास्त्रात अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात. तिची अडचण अशी की, ती तयार करायला पैसे लागतात, पण वापरणाऱ्याकडून ते वसूल करायला मीटर बसवता येत नाही. लहर मोजता येत नसेल, तर मोजण्यासारखे दुसरे काय उरते? घरात दिसणारा, दुकानातून विकत घेतलेला, लाकडी पेटीतला संच. परवान्याचा सारा इतिहास या एका अडचणीतून निघालेला आहे.

मुंबईची कंपनी आणि तिचे दिवाळे

ब्रिटनमध्ये १९२२ मध्ये ‘बीबीसी’ सुरू झाली, तेव्हा श्रोत्याने वर्षाला दहा शिलिंग भरून पोस्टातून परवाना घ्यावा, असे ठरले. तीच पद्धत भारतात आली. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण करून पाहिले होते. व्यवसाय म्हणून प्रक्षेपण सुरू केले ते ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ने. तिचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी आणि कलकत्ता केंद्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाले. परवान्याची फी वर्षाला दहा रुपये होती आणि त्यातले आठ रुपये कंपनीला मिळत.

आता विद्यार्थ्यांना हिशेब करायला सांगावा. १९२९ अखेर देशातल्या परवान्यांची संख्या आठ हजारांपर्यंतही पोचली नव्हती. आठ हजार धरले तरी कंपनीच्या वाट्याला वर्षाला चौसष्ट हजार रुपये येतात. एवढ्यात दोन महानगरांतली दोन केंद्रे, अभियंते, गवई, वादक आणि वृत्तनिवेदक कसे पोसायचे? मार्च १९३० मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. १ एप्रिल १९३० पासून सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. याच सरकारी सेवेला ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

कंपनी बुडण्यामागे श्रोते कमी होते हे एक कारण झाले. दुसरे असे की, ऐकणारे सगळे पैसे भरत नव्हते. लहर थांबवता येत नाही म्हटल्यावर न भरणाऱ्याचे कार्यक्रम बंद कसे करणार?

‘जवळ असणे’ हाच गुन्हा

तोपर्यंत सरकारच्या हाती १८८५ चा तार कायदा होता. त्याने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता; इतरांनी ते करायचे तर परवाना घ्यायचा. पण हा कायदा यंत्र उभारण्याबद्दल आणि चालवण्याबद्दल बोलतो. कपाटावर नुसता रेडिओ ठेवलेल्या माणसाला त्यात पकडणे अवघड होते. तो चालवला जात होता हे सिद्ध कोणी आणि कसे करायचे?

ही फट बुजवण्यासाठी १९३३ चा ‘इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्ट’ आला आणि १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. त्याचे मुख्य कलम छोटे आणि कडक आहे: परवान्याशिवाय कोणीही बिनतारी यंत्र जवळ बाळगू नये. यंत्र ऐकले की नाही, ते चालू होते की बिघडलेले, हा प्रश्नच उरला नाही. नुसता संच बाळगणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी शंभर रुपयांपर्यंत, पुढच्या गुन्ह्यांसाठी अडीचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. यंत्र ज्याच्या उघड ताब्यात आहे किंवा ज्याच्या हुकमतीखालच्या जागेत सापडले आहे, त्याच्याच जवळ ते आहे असे न्यायालय गृहीत धरू शकेल, अशीही सोय होती. म्हणजे ‘रेडिओ माझा नाही, पाहुण्याचा आहे’ असे सांगून सहज सुटता येत नसे.

कायदा आल्यावर परवाने भराभर वाढले. १९३२ अखेरच्या मानाने १९३४ अखेर त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. सगळे श्रेय कायद्याचे नव्हते. डिसेंबर १९३२ मध्ये ‘बीबीसी’ने साम्राज्यासाठी लघुलहरींवर प्रक्षेपण सुरू केले होते आणि ते ऐकण्यासाठीही लोक संच घेऊ लागले होते.

केवळ दहा रुपयांसाठी एवढा कडक कायदा झाला, असेही समजू नये. बिनतारी यंत्र कोणाकडे आहे याची नोंद राज्यकर्त्यांना हवी होती. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला, तेव्हा जागा बदलत बदलत तो जेमतेम अडीच-तीन महिने टिकला; नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी तो पकडला. प्रक्षेपक आणि ग्राहक यंत्र यांत भौतिकशास्त्राने मोठा फरक आहे. एक बोलते, दुसरे ऐकते. पण ‘बिनतारी यंत्र’ या एका शब्दात कायद्याने दोघांना बांधले होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये दुरुस्ती होऊन विनापरवाना प्रक्षेपकासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. ऐकणाऱ्याचा दंड मात्र शंभर रुपयांचाच राहिला.

पुस्तिका, तिकीट आणि सिलोन

स्वातंत्र्याच्या वेळी देशात अडीच-पावणेतीन लाख रेडिओ होते, म्हणजे हजार-बाराशे माणसांमागे एक. १९७० च्या दशकात परवान्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. रेडिओची फी वर्षाला पंधरा रुपये आणि टीव्हीची पन्नास रुपये, हे त्या काळातले दर पुष्कळांच्या लक्षात आहेत. पैसे पोस्टात भरायचे. पत्ता बदलला की पोस्टाला कळवायचे. बदलीच्या नोकरीत भांड्याकुंड्यांबरोबर ही पुस्तिकाही एका गावाहून दुसऱ्या गावी जाई.

हा परवाना नेमका कशाचा, याचा विचार केला की गंमत लक्षात येते. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला फारसे स्थान उरले नव्हते. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत ऐकली जाऊ लागली. फी भारत सरकारला आणि गाणी कोलंबोहून, अशी स्थिती झाली! पण नियमाने यात काही चूक नव्हती. परवाना आकाशवाणी ऐकण्याचा नव्हता. तो पेटी बाळगण्याचा होता. सुई कोणत्या केंद्रावर न्यायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. आकाशवाणीने १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू केली, ती बरीचशी या निसटलेल्या श्रोत्यांना परत आणण्यासाठी.

उलट उदाहरणही घेता येईल. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतामंडळे चालवली. चावडीवर एक संच आणि भोवती वीस-पंचवीस माणसे. पेटी एकच, कान पन्नास. परवाना पेट्या मोजत होता. कान मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

खानदेशात चित्र का पोचत नव्हते?

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागले. खानदेशाला मात्र बरीच वर्षे थांबावे लागले. मुंबई आकाशवाणी रात्री भुसावळला ऐकू येई, पण मुंबईचे चित्र दिसत नसे. असे का?

मध्यम लहरी रात्रीच्या वेळी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूर जातात. टीव्हीच्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी सहसा आयनांबर भेदून निघून जातात. जमिनीवर त्या जवळजवळ सरळ रेषेत, क्षितिजापर्यंतच पोचतात. ते अंतर काढायला एक सोपे सूत्र आहे: मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. मुंबईत वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंचीचा आहे. ३०० चे वर्गमूळ १७.३, म्हणून अंतर सुमारे ७१ किलोमीटर. घरावरचे एरियल दहा मीटर उंच असेल तर त्यात आणखी १३ किलोमीटर पडतात. मुंबई ते भुसावळ सरळ रेषेत सुमारे ३८० किलोमीटर आणि मध्ये सह्याद्री. डोंगर नसता तरी मुंबईहून भुसावळला थेट चित्र पाठवायला साडेआठ किलोमीटर उंच, म्हणजे जवळजवळ एव्हरेस्टएवढा मनोरा लागला असता. वर्गातल्या मुलांना हे गणित जरूर द्यावे.

१९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. त्यात सहा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. खरा बदल १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ आकाशात गेल्यावर झाला. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून उतरवून घ्यायचा आणि शंभर वॉटच्या छोट्या प्रक्षेपकाने गावापुरता पसरवायचा, अशी योजना आली. १९८४ मध्ये काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. मोठ्या शहरांपुरता असलेला टीव्ही त्यानंतर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत आला.

म्हणजे त्याआधी खानदेशात कोणी हौसेने टीव्ही आणून ठेवला असता, तर त्यावर मुंग्यांशिवाय काही दिसले नसते. पण कायद्याच्या शब्दांप्रमाणे परवाना मात्र लागलाच असता. पुढे चित्र आले आणि त्याच सुमारास परवाना गेला. त्यामुळे या भागातल्या पुष्कळ घरांनी रेडिओचे लायसन पाहिले, टीव्हीचे कधी पाहिलेच नाही.

लपवलेला संच कसा सापडतो?

परवाने तपासायला निरीक्षक असत. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला घरावर जाळीचे किंवा तारेचे एरियल लागे, तेव्हा एरियल हीच संचाची उघड खूण होती. घरावर एरियल आणि पोस्टाच्या वहीत नाव नाही, की विचारणा करता येई. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि ही खूण नाहीशी झाली. फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार हेच त्याचे एरियल, आणि ते पेटीच्या आत. शेताच्या बांधावर, सायकलच्या दांडीला, उशाशी, कुठेही तो जाऊ लागला. परवाना घराच्या पत्त्यावर आणि यंत्र हिंडते, हा मेळ बसणे कठीण होते.

ब्रिटनमध्ये १९५२ पासून विनापरवाना टीव्ही शोधणाऱ्या गाड्या फिरत. ऐकणारे यंत्र बाहेरून ओळखता कसे येते? कारण ते पूर्णपणे मुके नसते. बहुतेक रेडिओ आणि टीव्ही संचांच्या आत एक छोटा आंदोलक असतो. रेडिओवर ९०० किलोहर्ट्झचे केंद्र लावले, तर आतला आंदोलक त्याहून ४५५ ने जास्त, म्हणजे १३५५ किलोहर्ट्झवर चालतो. दोन्हींच्या मिश्रणातून ४५५ किलोहर्ट्झचा संकेत मिळतो आणि पुढचे सारे वर्धन त्यावर होते. या आंदोलकाची अगदी क्षीण लहर पेटीबाहेर निसटते, आणि संवेदनशील यंत्राने ती पकडता येते.

हे वर्गातही दाखवता येते. सुई फिरवण्याचे चाक असलेले दोन जुने ट्रान्झिस्टर घ्यावेत. पहिल्यावर १३५० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावावे. दुसरा त्याच्या अगदी शेजारी ठेवून त्याची सुई ९०० च्या आसपास हळूहळू फिरवावी. एका जागी पहिल्या रेडिओतून शीळ ऐकू येते, तिचा स्वर सुईबरोबर चढतो-उतरतो. दुसऱ्याचा आवाज पूर्ण बंद ठेवला तरी शीळ येतेच. रात्री हा प्रयोग जास्त चांगला जमतो, कारण तेव्हा क्षीण केंद्रे पुष्कळ मिळतात. अंकदर्शक असलेल्या नव्या रेडिओंची आतली रचना बहुधा वेगळी असते, त्यांवर तो जमेलच असे नाही.

परवाना का गेला?

परवाना जाण्यामागे एकच कारण नव्हते. पहिले, वसुलीचा खटाटोप. पंधरा रुपयांसाठी पुस्तिका छापायची, तिकिटे छापायची, नोंदवह्या ठेवायच्या, निरीक्षक नेमायचे. हजारो संच होते तेव्हा हे जमले, कोट्यवधी झाल्यावर जड जाऊ लागले. दुसरे, पैशाची दुसरी वाट सापडली होती. विविध भारतीवर नोव्हेंबर १९६७ पासून आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या. टीव्ही गावोगाव पोचल्यावर जाहिरातदाराला प्रेक्षक हवे होते, आणि जितके संच जास्त तितका त्याला भाव जास्त. मग संचावर फी लावून लोकांना अडवायचे कशाला? १९८० च्या दशकाच्या मध्यावर केंद्र सरकारने रेडिओ आणि टीव्हीची परवाना फी बंद केली. तेव्हापासून दूरदर्शन आणि आकाशवाणी सरकारी तिजोरी आणि जाहिराती यांवर चालत आल्या आहेत.

फी गेली म्हणजे पैसे देणे थांबले, असे नाही. करातून आपण ते देतोच. आणि साबणाच्या वडीच्या किमतीत तिच्या जाहिरातीचा खर्च असतो, तो टीव्ही नसलेलाही भरतो. लायसनच्या पुस्तिकेत निदान आकडा डोळ्यांसमोर होता.

१९३३ चा कायदाही त्या वेळी रद्द झाला नाही. सरकारने सूट देण्याचा अधिकार त्यातच होता. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यात १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा, दोन्ही रद्द करण्याची तरतूद आली. नवा कायदा २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला.

दरम्यान एक मूलभूत प्रश्न न्यायालयात गेला होता: लहरी कोणाच्या? क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारने तिचे नियमन लोकांच्या हितासाठी करावे, मक्तेदारी म्हणून नव्हे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. १८८५ च्या कायद्यातल्या एकाधिकाराच्या कल्पनेपासून आपण किती दूर आलो, हे यावरून दिसते.

इतर देश आणि आपले मीटर

ब्रिटनने रेडिओचा परवाना १९७१ मध्ये बंद केला, टीव्हीचा चालू ठेवला. एप्रिल २०२५ पासून तेथे रंगीत टीव्हीची वार्षिक फी १७४.५० पौंड झाली. जर्मनीने २०१३ पासून संचाऐवजी प्रत्येक घरावर ठरावीक वर्गणी लावली. फोनवर आणि संगणकावरही कार्यक्रम दिसू लागल्यावर ‘टीव्ही संच’ कशाला म्हणायचे हेच ठरेना. फ्रान्सने २०२२ मध्ये अशी फी बंद केली. या फीच्या बाजूने म्हणणे असे की, जाहिरातदार आणि सरकार या दोघांपासूनही प्रसारण थोडे मोकळे राहते. विरोधी म्हणणे असे की, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच रक्कम द्यावी लागते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

आपल्याकडे केबल आली आणि त्यानंतर डिश. २०११ च्या कायदा-दुरुस्तीनंतर २०१२ ते २०१७ या काळात केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. हा बॉक्स विज्ञानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कार्यक्रम संकेतबद्ध करून पाठवतात आणि ज्याने पैसे भरले त्याच्याच बॉक्सला तो उलगडण्याची किल्ली मिळते. लहर आजही सगळ्यांच्या घरावर पडते, पण ती वाचता येते फक्त वर्गणीदाराला. १९२७ मध्ये मुंबईच्या कंपनीला जे हवे होते आणि मिळत नव्हते, ते हेच. २०१९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती लागू झाली, तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठी महिना १३० रुपये आणि कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे वेगळे पैसे, असा हिशेब ठरला. जुने टीव्हीचे लायसन वर्षाला पन्नास रुपयांचे होते! रुपयाची किंमत घसरली हे खरे, तरी तुलना करून पाहण्यासारखी आहे. न मोजता येणाऱ्या लहरीला अखेर मीटर बसले, ते सरकारच्या परवान्याने नव्हे तर संकेतलिपीने. दूरदर्शनची डिशसेवा मात्र २००४ पासून मासिक शुल्काशिवाय मिळत आली आहे.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांनी घरातली जुनी कागदपत्रे शोधून एखादी लायसनची पुस्तिका सापडते का ते पाहावे. सापडली तर शेवटचा शिक्का कोणत्या वर्षाचा आहे, फी किती, पत्ते किती वेळा बदलले, याची नोंद करावी. आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारून गावात पहिला टीव्ही कोणत्या साली आला आणि तो पाहायला किती माणसे जमत, हे लिहून काढावे. मग वर्गात एक प्रश्न चर्चेला ठेवावा. गावासाठी एक छोटे रेडिओ केंद्र काढायचे आहे. त्याचा खर्च कोणी द्यावा: ऐकणाऱ्याने, प्रत्येक घराने, जाहिरातदाराने की ग्रामपंचायतीने? प्रत्येक गटाने एकेक बाजू घ्यावी आणि एक गोष्ट आधी सांगावी. जो पैसे देणार नाही, त्याला ते केंद्र ऐकू द्यायचे की नाही?